‘शेवटचे दिवस’वाले व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी

ख्रिस्ती लोकांच्या ग्रुपवर सगळ्यात वेगाने काय फिरतं, तर शेवटच्या काळाचे व्हिडिओ. लाल थंबनेल, तुतारीचा आवाज, रक्तासारखा चंद्र आणि खाली ‘डिलीट होण्याआधी पाहा’. माझं मत आधीच सांगून टाकतो. यातले बहुतेक व्हिडिओ बायबलचं नाव घेऊन बायबलच्याच विरुद्ध बोलतात. हे ओळखायला ना ग्रीक यावं लागतं ना धर्मशास्त्राची पदवी लागते. दिलेला अध्याय उघडून वाचायचा आणि साधी बेरीज करायची, एवढंच.

बेरजेपासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात.

बायबलचं शेवटचं पुस्तक म्हणजे योहानाने लिहिलेलं प्रकटीकरण. त्यातल्या १३:१८ मध्ये देवाला विरोध करणाऱ्या श्वापदाची संख्या ६६६ आहे, आणि बुद्धिमानाने तिचा हिशेब करावा असं तिथेच म्हटलंय. त्या काळी हिब्रूत आणि ग्रीकमध्ये अक्षरंच आकड्यांचं काम करत. प्रत्येक अक्षराची किंमत ठरलेली, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज निघायची. आता रोमन सम्राट नीरोचं ‘नेरोन कैसर’ हे ग्रीक वळणाचं नाव हिब्रू अक्षरांत मांडा: नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००. झाले ६६६. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिलं की शेवटचा नून गळतो आणि उरतात ६१६. प्रकटीकरणाच्या अगदी जुन्या हस्तलिखितांपैकी पपायरस ११५ मध्ये नेमका ६१६ हाच आकडा आहे. सगळे अभ्यासक नीरोवर एकमत नाहीत, पण दोन्ही आकड्यांचा उलगडा एकाच नावाने होतो, ही गोष्ट साधी नाही. दुसऱ्या शतकातल्या बिशप आयरेनियसलाही ६१६ चा पाठ माहीत होता. त्याने तो चुकीचा ठरवला, दोन-तीन नावं सुचवून पाहिली आणि शेवटी म्हटलं की नाव ठामपणे सांगायचं धाडस आम्ही करणार नाही. आपले यूट्यूबवाले हे धाडस दर आठवड्याला करतात.

यांचा आवडता दावा म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातले तीन डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे हिब्रू वाव, वावची किंमत ६, म्हणून ६६६! पण हिब्रू आकड्यांत एकक-दशक-शतक अशी स्थानाची किंमत नसते, सरळ बेरीज असते. तीन वाव म्हणजे ६ अधिक ६ अधिक ६, म्हणजे १८. हिब्रूत ६६६ लिहायचे तर ४००, २००, ६० आणि ६ अशी चार वेगवेगळी अक्षरं लागतात. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावरच्या वावसारख्या दिसणाऱ्या तीन ओरखड्यांचीही हीच गत, तेही १८ च.

दुसरी युक्ती इंग्रजी अक्षरांची. ए म्हणजे ६, बी म्हणजे १२, सी म्हणजे १८, असं सहाच्या पाढ्याने पुढे जायचं. या हिशेबाने ‘कॉम्प्युटर’ ६६६ येतो, ‘किसिंजर’ येतो, ‘न्यूयॉर्क’ येतं आणि ‘व्हॅक्सिनेशन’ही येतं. करून पाहा, खरंच येतं. पण सहाचाच पाढा का? कारण कुणीतरी आधी उत्तर ठरवलं आणि मग त्याला बसेल असा पाढा निवडला. पाढा निवडायची मोकळीक असेल तर कुठलंही नाव बसवता येतं. योहानाच्या वाचकांना अशी मोकळीक नव्हती, त्यांच्या अक्षरांच्या किमती ठरलेल्या होत्या.

बारकोडमध्ये ६६६ दडलाय, हा दावाही जुनाच. बारकोड दुकानात आला १९७४ मध्ये. त्या वर्षी २६ जूनला अमेरिकेतल्या ओहायोत दुकानातली पहिली वस्तू अशी स्कॅन झाली. त्या बारकोडच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दोन-दोन बारीक रेघा असतात, आणि त्या सहाच्या खुणेसारख्या दिसतात, इथपर्यंत खरं आहे. पण प्रत्येक अंकाला सात घरांची जागा असते. उजव्या बाजूचा सहा म्हणजे रेघ, मोकळं, रेघ आणि पुढे चार मोकळी घरं. कडेच्या रेघा तीनच घरांच्या आणि मधल्या पाचच्या. त्यांचं काम कोड कुठे सुरू होतो, दुभागतो आणि संपतो हे यंत्राला कळवणं. यंत्र त्यांना अंक म्हणून वाचतच नाही.

बरं, हे सगळं बाजूला ठेवा आणि फक्त एक अध्याय पुढे वाचा. तेराव्या अध्यायात श्वापदाची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर येते, तिच्याशिवाय खरेदी-विक्री करता येत नाही, आणि लगेच १४:१ मध्ये कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर कोकऱ्याचं आणि पित्याचं नाव लिहिलेलं दिसतं. त्याआधी ७:३ मध्ये देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का मारला जातो. मग देवाचा शिक्का कुठल्या कंपनीच्या चिपमध्ये आहे, असं कुणी विचारतं का? नाही, तो निष्ठेचा शिक्का आहे हे सगळ्यांना आपोआप कळतं. खूण मात्र चिप किंवा लसच असली पाहिजे! खरं तर हात आणि कपाळ ही जोडी अनुवाद ६:८ मधली आहे. देवाच्या आज्ञा हातावर बांध, कपाळावर धर. श्वापद त्याचीच नक्कल करतं. प्रश्न तू कुणाला नमन करतोस हा आहे, आणि ज्या सात मंडळ्यांना प्रकटीकरण लिहिलं त्यांना तो रोज बाजारात भेटत होता. सम्राटपूजा न करणाऱ्याची व्यापारात कोंडी व्हायची.

आता ख्रिस्ताच्या परत येण्याच्या तारखा. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरने दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस वर्षं म्हणून धरले, इ.स.पू. ४५७ पासून मोजले आणि १८४३-४४ गाठलं. चळवळीने शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. एडगर व्हिझनंटने १९८८ च्या सप्टेंबरसाठी ८८ कारणं छापली. काही झालं नाही, तर पुढच्या वर्षासाठी नवी आवृत्ती काढली. रेडिओवरचा प्रचारक हॅरल्ड कॅम्पिंगने १९९४ सांगितलं, मग २१ मे २०११, मग २१ ऑक्टोबर २०११. त्याच्या मागे लागून लोकांनी आयुष्याची पुंजी होर्डिंगांवर घातली. २०१२ मध्ये त्याने तारीख सांगणं हे पाप होतं असं लिहून कबूल केलं. हे त्याने तरी केलं. बाकीचे जुना व्हिडिओ काढून टाकतात आणि नवा चढवतात.

मत्तय २४:३६ आणि प्रेषितांची कृत्ये १:७ इतक्या स्पष्ट असताना हे चालतं कसं? पळवाट ठरलेली आहे: ‘दिवस आणि घटका कळणार नाही म्हटलंय, वर्ष कळणार नाही असं कुठे म्हटलंय?’ कृत्ये १:७ मध्ये काळ आणि समय, दोन्ही पित्याच्या अधिकारात ठेवलेत. वर्ष त्यातच आलं.

२०१४-१५ मध्ये चार ‘रक्तचंद्र’ गाजले, कारण ती खग्रास चंद्रग्रहणं वल्हांडण आणि मंडपांच्या सणावर पडली. ऐकायला थक्क करणारं आहे. पण हे दोन्ही सण यहुदी महिन्याच्या पौर्णिमेलाच येतात आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं. सणांमध्ये साधारण सहा चांद्रमासांचं अंतर असतं, एकापाठोपाठच्या ग्रहणांमध्येही बहुधा तेवढंच. एक जुळलं की पुढचं जुळणार. ओळीने चार खग्रास चंद्रग्रहणांच्या चौकड्या एकविसाव्या शतकात आठ आहेत. शिवाय चंद्र रक्त होण्याचं योएल संदेष्ट्याचं वचन येशूचा शिष्य पेत्राने पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशीच घेतलं, आणि ‘हे तेच आहे’ असं तो कृत्ये २:१६ मध्ये म्हणतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ च्या वापराचा. विश्वासणारे प्रभूला भेटायला ढगांत उचलले जातील, असं ते वचन आहे. मेलेल्या माणसांसाठी रडणाऱ्या मंडळीला पौलाने ते लिहिलं, आणि पुढचंच वचन म्हणतं, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. त्याच ओळीवर रिकामी गाडी, ओरडणारं मूल आणि ‘तुम्ही मागे राहाल का?’ असा व्हिडिओ बनतो. संकटकाळाआधी विश्वासणारे गुपचूप उचलले जातील, ही मांडणी आजच्या रूपात १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बीकडून आली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबल या टीपांसकटच्या बायबलच्या तळटीपांमुळे घरोघर पोचली. ती मानायला कुणाची हरकत नाही, पण मंडळीने पहिल्या दिवसापासून एवढंच शिकवलं, असं म्हणणं खोटं आहे.

आणि फॉरवर्डचा रोगही नवा नाही. २ थेस्सलनीकाकरांस २:२ वाचा. पौल म्हणतो, प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं सांगणारं पत्र जणू आमच्याकडून आलंय असं कुणी दाखवलं, तरी गांगरून जाऊ नका. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात कामधंदा न करता लुडबुड करणाऱ्यांना पौल झापतो आणि शांतपणे काम करून स्वतःची भाकर खा म्हणतो.

तर व्हिडिओ आला की काय करायचं? आधी वचनाचा संदर्भ आहे का पाहा. नसेल तर विषय संपला. असेल तर आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचा. मग त्यातलं एखादं दृश्य थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सला द्या. कितीतरी ‘आजची’ दृश्यं दुसऱ्याच देशातली, जुन्या वादळातली किंवा सिनेमातली निघतात. हल्ली एआयने बनवलेली असतात, तिथे आकाशातले आकार आणि पाट्यांवरची अक्षरं नीट न्याहाळा. मग त्या चॅनलवर जाऊन व्हिडिओ जुन्याकडून नव्याकडे लावून पाहा. या वक्त्याने याआधी कुठली तारीख दिली होती? संदेष्ट्याचं बोलणं खरं ठरलं नाही तर ते देवाचं नाही, ही अनुवाद १८:२२ ची कसोटी तिथेच लावता येते. शेवटी व्हिडिओखालचं वर्णन उघडा. देणगीची लिंक, पुस्तक, संकटकाळासाठी धान्याचे डबे. जग पुढच्या महिन्यात संपणार असेल तर वर्षभराची मेंबरशिप कशाला?

ग्रुपवर काकांना किंवा मावशींना सगळ्यांसमोर खोडून काढू नका. माणूस दुखावतो आणि हट्टाने आणखी दोन पाठवतो. खासगीत विचारा, ‘यातलं वचन कुठलं आहे, आपण मिळून वाचू या का?’ बऱ्याचदा मागे भीती असते. आजारी मुलगा, गेलेली नोकरी. त्याबद्दल बोलणं आकड्यांच्या वादापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पाळकांनाही एक सांगणं आहे. तुम्ही प्रकटीकरण टाळता म्हणून लोक ते मोबाइलवर शिकतात. बावीस अध्याय मोठ्याने वाचायला दीडेक तास लागतो, आणि १:३ मध्ये वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना धन्य म्हटलंय. एका संध्याकाळी अर्थ न लावता नुसतं वाचा. पुढच्या आठवड्यापासून दुसरा आणि तिसरा अध्याय घ्या, एका बैठकीला एक मंडळी. इफिसपासून लावदिकीयापर्यंत सात आठवडे जातील, आणि श्वापदाच्या आधी आपल्याच मंडळीबद्दल बरंच बोलावं लागेल.