माप कशाचं आहे ते तरी छापा!

दोन शनिवार-रविवार गेले. घरातल्या डक्ट हीटिंगच्या (म्हणजे भट्टीची गरम हवा पत्र्याच्या नळांतून, डक्टमधून, खोल्याखोल्यांत सोडणाऱ्या सोयीच्या) दहा जाळ्या बदलायच्या होत्या, बस्स. भिंत पाडायची नव्हती, छप्पर उचकटायचं नव्हतं. जमिनीतल्या भोकावरची पत्र्याची जाळी काढायची आणि तिथे नवी बसवायची, एवढंच काम. आज रविवारची रात्र आहे. सहा बसल्या, उरलेल्या चारपैकी तीन भोकांवर पुठ्ठा टाकलाय, आणि डोकं इतकं तापलंय की हे लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

सुरुवात आईच्या खोलीतून झाली. तिथल्या जाळीच्या तीन पात्या तुटल्या होत्या. एकीचं टोक वर आलं होतं, त्याने आईच्या पायाचा अंगठा कापला. "त्यावर पायपुसणं टाकून ठेवते रे," म्हणाली. पायपुसणं टाकलं तर खोलीत गरम हवा यायची कुठून? हवा कमी-जास्त करायच्या झडपेचा खटकाही गंजून अर्ध्यावरच अडकलेला. म्हटलं, एकीला कशाला, सगळ्याच बदलू.

जुनी जाळी वरून मोजली: साडेपाच इंच बाय साडेअकरा. दुकानात त्याच्या सर्वांत जवळचं माप ६ बाय १२ होतं, ते आणलं. घरी येऊन बसवायला गेलो तर खालचा भाग भोकात शिरायलाच तयार नाही. कारण पाकिटावरचं माप दिसणाऱ्या जाळीचं नसतं, जमिनीतल्या भोकाचं असतं! वरची पट्टी भोकाच्या चारही बाजूंना पाऊण-एक इंच बाहेर येते. म्हणजे माझ्या साडेपाच बाय साडेअकराच्या जाळीखाली भोक होतं ४ बाय १०. हे पाकिटावर कुठे लिहिलंय? कुठेही नाही. एक आकडा, एक फुली, दुसरा आकडा. कशाचे आकडे, हे तुम्ही ओळखायचं.

बरं, हे कळलं. पुढच्या वेळी जुनी जाळी उचलली, भोक मोजलं आणि ४ बाय १० आणली. ती बसली, पण हलायला लागली. पाय पडला की कट्-कट् आवाज. का? कुणी पाकिटावर भोकाचं माप छापतं, तर कुणी भोकात उतरणाऱ्या पत्र्याच्या चौकटीचं, आणि ती चौकट भोकापेक्षा थोडी लहानच करावी लागते. त्यात मिलिमीटर आणि इंचांचा घोळ. १०० बाय २५० मिलिमीटर म्हणजे ४ बाय १०च, असं काउंटरवरचा माणूस ठामपणे सांगतो. नाही हो! ४ इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर आणि १० इंच म्हणजे २५४. लांबीत ४ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि पत्र्याच्या कामात ४ मिलिमीटर म्हणजे जाळी घट्ट बसणं आणि पायाखाली खडखडणं, इतकं अंतर आहे.

तिसऱ्या खेपेला लांबी-रुंदी दोन्ही बरोबर निघाली. आनंदाने जाळी खाली दाबली तर अर्ध्या इंचावर अडली. आता काय? टॉर्च मारून बघितलं. आमचा डक्ट जमिनीखाली दोनच इंचांवर आडवा वळतो आणि नव्या जाळीच्या झडपेची पेटी त्याहून खोल. ती वळणावर जाऊन टेकत होती. दुसऱ्या खोलीत पेटी कशीबशी बसली तर झडपेचं पान उघडताना डक्टच्या पत्र्याला घासून अर्ध्यावर थांबलं. पेटीच्या खोलपणाचं माप तर पाकिटावर कुणीच देत नाही. भोक किती, वरची पट्टी किती आणि पेटी किती खोल जाते, एवढे तीन आकडे छापायला काय जातं यांचं? पाकिटावर जाळीचा हा एवढा मोठा चकचकीत फोटो छापायला जागा आहे, तीन आकड्यांना नाही?

आणि जुनी जाळी काढणं हेही सुखाचं नव्हतं. आमच्या आधी इथे राहणाऱ्यांनी रंगकाम करताना जाळ्या काढल्याच नाहीत, वरूनच ब्रश फिरवला. स्क्रूच्या खाचा रंगाने गच्च भरलेल्या, पट्टीची कड लाकडाला चिकटलेली. कटरने चारी बाजूंनी रंग चिरत बसलो. तरी एका जाळीने लाकडाचा टवका काढलाच. एक स्क्रू हातातून निसटला आणि थेट डक्टमध्ये. टण्, टण्, मग लांबवर घरंगळत गेल्याचा आवाज, आणि शांतता. तो अजून आतच आहे. (जुनं घर असेल आणि डक्टच्या सांध्यांवर पांढऱ्या कागदासारखी पट्टी दिसली, तर कृपा करून ती खरवडू नका. पूर्वी तिथे अ‍ॅस्बेस्टॉस वापरायचे, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तपासून घेतल्याशिवाय हात लावू नका.)

छताच्या गोल जाळ्या दोनच होत्या. त्यांच्यात मानेचा, म्हणजे डक्टमध्ये शिरणाऱ्या गोल भागाचा, व्यास जुळला की झालं, त्या बसल्या.

सगळ्यांत जास्त संताप येतो तो फुकटच्या सल्ल्यांचा. एकाने सांगितलं, न वापरणाऱ्या खोल्यांच्या झडपा बंदच ठेव, बचत होते. अहो, पंखा तेवढीच हवा ढकलतोय! निम्म्या वाटा बुजवल्या की डक्टमधला दाब वाढतो, सांध्यांच्या फटींतून गरम हवा जमिनीखाली निघून जाते. भट्टीवरून पुरेशी हवा गेली नाही की आतला पत्रा जास्त तापतो, सुरक्षेचा स्विच पडतो आणि भट्टी सारखी बंद-चालू होत राहते. बचत कुठली? दुसऱ्याने नक्षीदार जाळी सुचवली, दिसायला सुरेख म्हणून. सुरेख आहे, पण नक्षीच इतकी भरगच्च की हवेला मोकळी जागाच उरत नाही. बैठकीत लावून पाहिली, भट्टी सुरू झाली आणि शिट्टी सुरू झाली. रात्रभर. सकाळी काढून टाकली.

तिसरा म्हणाला, फट राहिली तर डक्ट टेप मार, नावातच डक्ट आहे. हा सल्ला ऐकून तर हात टेकले. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी डक्टचे सांधे बुजवायच्या निरनिराळ्या वस्तू गरम-गार करून तपासल्या होत्या. त्यांचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात सपशेल नापास झाली ती हीच कापडी टेप. उष्णतेने तिचा गोंद सुकतो आणि ती सुटून येते. आमच्याही एका भोकात तिचीच वाळकी सालं लोंबत होती. सांध्याला लागते धातूची फॉइल टेप किंवा ब्रशने लावायचा मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवायचा घट्ट लेप. मी फॉइल टेप लावली. तीही आधी पत्रा पुसून कोरडा केल्यावर, नाहीतर धुळीवर काहीच धरत नाही.

शेवटी कारागिराला बोलावलं. त्याने एक भोक बघितलं, उरलेल्या खोल्यांत पाऊलही टाकलं नाही, आणि म्हणाला, "जाळ्यांच्या नादी लागू नका, सगळे डक्टच बदलून घ्या." चार जाळ्यांसाठी घरभरचे डक्ट! डक्ट चांगले आहेत, मी स्वतः टॉर्च मारून पाहिलेत. त्याला जाळीची योग्य खोली विचारली तर म्हणे, "ते बसवताना कळतं."

बसवताना कळतं. मग पाकीट फोडल्यावर दुकान जाळी परत का घेत नाही?

आज संध्याकाळी दहाही भोकांची लांबी, रुंदी आणि वळणापर्यंतची खोली मिलिमीटरमध्ये मोजली. ज्या सहा बसल्यात त्यांच्या पोटावर मार्करने तिन्ही आकडे लिहून टाकले, निदान पुढे राहायला येणाऱ्यांना तरी मिळतील. आईच्या खोलीतली अजून मिळालेली नाही. जुनीच्या तुटक्या पात्या पकडीने आत वाकवल्या, कानशीने घासून त्यांची धार बोथट केली आणि तीच परत बसवली. चुकीच्या मापाच्या पाच नव्या जाळ्या न वापरलेल्या, कोपऱ्यात पडून आहेत.

उद्या पुन्हा जाणार आहे. या वेळी मेजरटेप घेऊन, आणि दुकानातच प्रत्येक पाकीट उघडायला लावणार आहे.