‘तुम्ही कधी पेशंटसमोर बसलात तरी का?’ या कमेंटला उत्तर

मागच्या पोस्टवर (ऑनलाइन हेल्थ कोर्स बनवून घेताना डॉक्टरांचा साइन-ऑफ म्हणजे मजकुराला शेवटची मंजुरी आधी घ्या, स्टोरीबोर्ड म्हणजे स्क्रीनवर काय दिसणार त्याचा आराखडा फ्रीज करा, मगच डेव्हलपरकडे द्या, तीच ती) एका वाचकांची लांबलचक कमेंट आलीय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मी पेशंटला सगळ्यात शेवटी आणते, कोर्स पूर्ण केला म्हणजे माणूस शिकला असं होत नाही, कॉन्ट्रास्टचा (अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातल्या उजळपणाच्या फरकाचा) आकडा चुकलाय. आणि शेवटी, "मॅडम, तुम्ही कधी पेशंटसमोर बसलात तरी का?"

आधी कॉन्ट्रास्ट. बरोबर आहे तुमचं. साध्या मजकुराला 4.5:1 लागतो, मी 3:1 लिहिलं होतं, तो मोठ्या अक्षरांसाठीचा. दुरुस्त केलंय. चूक दाखवली की मान्य करते मी, मला त्यात कमीपणा वाटत नाही.

पण ते शेवटचं वाक्य. त्यातला तो "तरी". प्रश्न विचारायचा तर सरळ विचारा ना, हा प्रश्न नाहीचे, टोमणा आहे, आणि तो कोणाला मारताय हे बघायची तसदी पण घेतली नाहीत. बारा वर्षं हेच काम करतेय हो मी. डॉक्टरांनी पाठवलेल्या ऐंशी-ऐंशी स्लाइडच्या पीपीटीतून वीस मिनिटांचा कोर्स काढलाय, "एवढं तर पेशंटला माहीत हवंच" म्हणणाऱ्यांशी एकेका वाक्यावरून भांडलेय, व्हॉइसओव्हर रेकॉर्ड झाल्यावर डोसचं वाक्य बदललं म्हणून अख्खा स्टुडिओ परत बुक केलाय. साइन-ऑफ आधी घ्या हे मी पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही.

आणि पेशंटसमोर बसण्याचं म्हणाल तर माझी आई इन्सुलिनवर होती. इन्सुलिन पेनच्या मॉड्यूलची पहिली टेस्टर तीच. स्टेप्स ओळीने लावायच्या होत्या, सुई बसवा, टोपण काढा, 2 युनिट सोडून बघा, डोस फिरवा, टोचा, बटण दाबून धरून दहापर्यंत मोजा. आईने सगळं बरोबर लावलं, 100 टक्के, स्क्रीनवर टाळ्या वगैरे. मग मी तिच्या हातात खरं पेन आणि पोटावर लावायचा सरावाचा पॅड दिला तर तिने बाहेरचं टोपण काढलं, आतलं छोटं टोपण तसंच ठेवलं आणि डोस फिरवून पॅडवर दाबलं! 2 युनिट सोडून बघायची स्टेपच गाळली, नाहीतर तिथेच कळलं असतं. बटण दाबतेय, दहापर्यंत मोजतेय, औषध पॅडमध्ये जातच नाहीये. आमच्या चित्रात दोन्ही टोपणं एकाच क्लिकमध्ये उडत होती, आणि हे ना डॉक्टरांच्या लक्षात आलं ना माझ्या. मी ती स्टेप दोन भागांत तोडून घेतली, आतलं टोपण वेगळ्या रंगाचं केलं. आता सांगा, कोण पेशंटसमोर बसलं नाही?

हो, हे साइन-ऑफ झाल्यावर घडलं, मला माहितीये तुम्ही आता हेच पकडणार. क्लायंटने बदलाचे पैसे द्यायला नकार दिला ते पण सांगून टाकते. पण त्यातून "साइन-ऑफच नको" असं निघत नाही. साइन-ऑफ नसता तर त्या डोसच्या वाक्यावरून अजून भांडत बसलो असतो.

"कोर्स पूर्ण केला म्हणजे शिकला असं नाही" याबद्दल, अहो स्कॉर्म 1.2 मध्ये (कोर्सने निकाल कळवायची ठरलेली पद्धत) पास, फेल, पूर्ण, अपूर्ण असलंच काहीतरी स्टेटस आणि एक स्कोअर जातो, बिचाऱ्या एलएमएसला (कोर्स चालवून नोंदी ठेवणारी सिस्टिम) आईचं टोपण दिसणार कुठून? क्लायंटला महिन्याच्या रिपोर्टमध्ये आकडा लागतो, तो मी देते. त्यापुढचं मोजणं हा वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन.

बाकीचे मुद्दे मला फारसे पटले नाहीत, एकेकाला उत्तर देत बसत नाही.

अजून एक. तुम्ही लिहिलंय की "असल्या मॅनेजरमुळेच कोर्स रटाळ होतात." माझा एक तरी कोर्स केलाय का तुम्ही? लिंक मागा, पाठवते. पेनचाच पाठवते, पण करताना ते आतलं टोपण आधी काढा.