राइनाल्डने 'चुकीचा अनुवाद' केला नव्हता

राइनाल्डवरचा लेख आवडला, पण 1157 मध्ये बझांसों (आज फ्रान्समध्ये) इथे भरलेल्या सम्राटाच्या सभेबद्दल त्यातलं 'राइनाल्ड फॉन दासेलने पोपच्या पत्राचा चुकीचा अनुवाद केला' हे वाक्य खटकलं. पोप चौथा एड्रियन याच्या पत्रात 'बेनेफिकियम' हा लॅटिन शब्द होता. त्याचा साधा अर्थ उपकार, पण सरंजामी कायद्यात तोच शब्द जहागिरीसाठी वापरत. राइनाल्डने भर सभेत दुसरा अर्थ घेतला, म्हणजे पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा पोपचा मांडलिक ठरला! सरदार खवळले. पुढच्या वर्षी पोपला 'उपकार' हाच अर्थ अभिप्रेत असल्याचा खुलासा करावा लागला. माझ्या मते हा अनुवाद पूर्ण जाणीवपूर्वक केलेला होता.

तेव्हा तो आर्चबिशप नव्हता, सम्राटाचा चान्सलर, म्हणजे दरबाराच्या कारभाराचा प्रमुख होता. कोलोनच्या (जर्मनी) आर्चबिशपच्या गादीवर त्याची निवड 1159 मध्ये झाली, पण धार्मिक दीक्षा थेट 1165 मध्ये. सहा वर्षं तो दीक्षेविनाच आर्चबिशप! एवढ्यावरून त्याचा ओढा कुठे होता ते कळतं.

1164 मध्ये विरोधी पोप (रोमच्या पोपविरुद्ध सम्राटाच्या पक्षाने मानलेला पोप) चौथा व्हिक्टर वारला, तेव्हा समेटाची संधी होती. राइनाल्डने सम्राटाची वाट न पाहता तिसऱ्या पास्कलला त्याच्या जागी निवडून आणलं आणि चर्चमधली फूट लांबली. लेखात हे यायला हवं होतं. त्याच वर्षी त्याने मिलानहून तीन राजांचे (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांचे) मानले जाणारे अवशेष कोलोनला नेले. तिथलं कॅथेड्रल आजही त्यांच्यासाठी ओळखलं जातं.

मृत्यू मात्र लढाईत नाही. मे 1167 मध्ये रोमजवळच्या तुस्कुलुमला सम्राटाच्या सैन्याला विजय मिळाला, ऑगस्टमध्ये रोमजवळ सैन्यात साथ पसरली आणि त्यातच तो गेला.