मान खाली घालायची नाही

बँकेच्या रोखपालाच्या खिडकीमागे बसून मी जुन्या तांबड्या वीसच्या किती नोटा मोजल्या असतील, याची गणती नाही. परंतु त्या नोटेच्या पाठीवर माडांआडून डोकावणारे दीपगृह अंदमानातील नॉर्थ बेचे आहे, हे मला निवृत्तीनंतर त्याच नॉर्थ बेकडे निघालेल्या बोटीत कळले. नोटा मोजणाऱ्याने नोटेचे चित्र पाहायचे नसते. मान खाली, बोट ओल्या स्पंजावर, अशी माझी ३४ वर्षे गेली.

त्या दीपगृहासमोरच्या समुद्रात डोक्यावर हेल्मेट चढवून तळावर चालण्याचा कार्यक्रम असतो. पोहता न येणाऱ्यांनाही तो करता येतो, असे समजल्यामुळे माझी एकुलती एक सबब बाद झाली. वास्तविक हौस आमच्या सौभाग्यवतींची होती. पण तिला सर्दी झालेली, आणि नाक चोंदलेले असले की कानांवरचा दाब सोडवता येत नाही म्हणून तिला काठावरच थांबवण्यात आले. उरलो मी. अर्जात दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाचे दुखणे असे रकाने होते. घरी दररोज एक नवे दुखणे जाहीर करणारा मी मोठ्या आशेने पेन उघडले, तोच हिने कागद ओढून घेतला आणि सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहून टाकले. ‘अहो, तुम्हाला काहीही झालेले नाही,’ हे ती इतकी वर्षे तोंडी सांगत आली होती. आता ते लेखी झाले.

मग सूचना झाल्या. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ नसून ‘मला वर घेऊन चला’ असा होतो, हे ऐकून मी उजवा अंगठा मुठीत कोंडून घेतला, कारण सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पाणीकपातीपासून बारशापर्यंत प्रत्येक बातमीला मी तोच दाखवत आलो आहे. शेवटची सूचना वाटाड्याने दोनदा सांगितली. ‘सर, गर्दन नीचे नहीं करने का.’

त्यामागचे कारण साधे आहे. हे हेल्मेट खालून उघडे असते. पेला उपडा करून सरळ बादलीत दाबला तर आतली हवा जशी पाण्याला वर येऊ देत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की वरच्या तराफ्यावरील पंप नळीतून सतत हवा पाठवत राहतो आणि जास्तीची हवा खांद्यांपाशी बुडबुड्यांनी निसटते. त्यामुळे चष्मा नाकावर राहतो, केस कोरडे राहतात, पाणी हनुवटीखाली राहते. पेला तिरका झाला, की मात्र हवा बाहेर आणि समुद्र आत.

शिडीवर गळ्याइतक्या पाण्यात उभा असताना दोन पोरांनी ते सुमारे ३५ किलोंचे धूड माझ्या खांद्यांवर ठेवले, तेव्हा आजोळचा तांब्याचा बंब डोक्यावर उपडा घातल्यासारखे वाटले. दोन पायऱ्या उतरताच त्याचे वजन जवळजवळ नाहीसे झाले. आर्किमिडीजचे तत्त्व मी शाळेत पाठ केले होते. खांद्यांना ते त्या दिवशी कळले. कान मात्र दर पायरीला कुरकुर करत होते, आणि हेल्मेटमध्ये खालून हात घालून, नाक चिमटीत धरून फुंकर मारली, की ते ‘टक्’ करून मोकळे होत.

सहाएक मीटरवर पाय वाळूला लागले. माझ्या मापाचे रबरी बूट नसल्याने मी अनवाणी होतो, आणि डाव्या करंगळीवरच्या कुरुपाला पट्टी लावलेली होती. वाटाड्याने पाव काढताच पिवळ्या अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे चहूकडून धावले. (माशांना पावाची चटक लावणे मला पटत नाही, पण तिथे आक्षेप नोंदवण्याची सोय नसते.) यांना ‘सार्जंट मेजर’ म्हणतात. पाव संपल्यावर त्यांतल्या एका सार्जंटाला माझी पट्टी दिसली असावी. करंगळीला हिसका बसला. मग दुसरा.

पायाला काय होते आहे, हे न पाहता उभे राहणे मनुष्यस्वभावात बसत नाही. मी वाकून पाहिले. क्षणार्धात खारे पाणी मिशीपर्यंत आले. वाटाड्याने चुंबळीवर घागर सावरावी तसे दोन्ही हातांनी माझे हेल्मेट सरळ केले. पुन्हा हिसका, पुन्हा मी वाकलो, पुन्हा घागर सावरली गेली. चौथ्या वेळेनंतर तो माझा हात सोडून हेल्मेटच धरून चालू लागला. पुढे वाचनात आले, की एकोणिसाव्या शतकातील पाणबुड्यांनाही उघड्या हेल्मेटमुळे हीच अडचण येत असे, आणि ऑगस्टस सीब यांनी हेल्मेट अंगातल्या पोशाखाला पक्के जोडून ती दूर केली. माझ्या वाट्याला सीब नव्हते. निमूटपणे काचेतून समोर पाहत, सार्जंटाला करंगळी सोपवून मी उरलेला वेळ उभा राहिलो.

संध्याकाळी हॉटेलवर चित्रफीत लावली. निळसर पाण्यात एक मनुष्य खांदे मागे टाकून, नजर समोर रोखून उभा होता. हिने नाक पुसत बराच वेळ पाहिले.

‘भलत्याचीच फीत दिली त्यांनी,’ ती म्हणाली. ‘हे तुम्ही नव्हेत. मान बघा किती ताठ आहे!’

शेवटी चित्र थांबवून मला तिला डाव्या पायाची करंगळी दाखवावी लागली. पट्टीचे एक टोक माशाच्या तोंडात स्पष्ट दिसत होते.