१८-२०० सगळीकडे चालत नाही

‘१८-२०० (१८ ते २०० मिमीची झूम लेन्स) घेतली की प्रवासात दुसरी लेन्स लागत नाही’ हे भर उन्हापुरतं ठीक आहे हो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, आणि तिथे झूम केलंत की अशा बऱ्याच लेन्सचं छिद्र एफ/६.३ इतकं लहान होतं (आकडा मोठा, तितकं छिद्र लहान). एफ/२.८ च्या मानाने प्रकाश पाचपट कमी, म्हणजे आयएसओ (फोटो उजळवायची सेटिंग, वाढवली की फोटोत दाणे येतात) १६०० च्या जागी थेट ८०००! स्टॅबिलायझेशन फक्त हाताची थरथर सावरतं. समोरून चालणारा माणूस हललेलाच येतो. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला त्यापेक्षा १७-५० एफ/२.८ बरी.

२४-१०५ मात्र क्रॉप बॉडीवर नको. लहान सेन्सरवर कमी दृश्य मावतं, म्हणून दीडपट गुणून ती ३६ मिमीपासूनच सुरू होते, अरुंद गल्लीत भिंतीला पाठ टेकवूनही वाडा फ्रेममध्ये मावत नाही. आणि १८-२०० सेकंडहँड घेणारच असाल तर कॅमेऱ्याला लावून तोंड खाली करून धरा. नळी आपोआप बाहेर घसरली तर भाव पाडून मागा.