कुंपणाला करंट सोडायचा 'हक्क' कुठल्याच कायद्यात नाही

"रानडुकरं आवरत नसतील तर धुऱ्यावर तार ओढा, करंट सोडा, कायदा शेतकऱ्याच्याच बाजूने आहे." हा मेसेज सध्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. परवा मामांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "तार किती लागेल?" म्हणून घाईने लिहितोय.

सगळ्यात घातक ओळ आधी. "मध्ये शंभरचा बल्ब जोडा, करंट हलका होतो, माणसाला काही होत नाही." साफ खोटं! शंभर वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे ४३० मिलिअँपिअर करंट जाऊ देतो. ओल्या मातीत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून त्यातला दोनशेच्या आसपास सहज जाईल. घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच बंद पडणारा सुरक्षा-स्विच, ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो, तो उगाच नाही. शिवाय या करंटने हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली तार सोडवत नाही. सौर कुंपणाचं मशीन वेगळं असतं. त्यात व्होल्टेज हजारांत असलं तरी झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून मोठा नसतो आणि पुढच्या झटक्याआधी साधारण सेकंदभर खंड पडतो. तेवढ्यात हात सुटतो. बल्ब लावून तो खंड कुठून आणणार? आणि पहाटे अंधारात मोटार सुरू करायला निघालेल्या शेजाऱ्याला तुमची तार दिसणार आहे का?

आता "पिकासाठीही आत्मसंरक्षण लागू" हा दावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ११ काढून वाचा. पोटकलम (२) मध्ये सूट आहे ती स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा बचाव करताना सद्भावनेने प्राणी मारला तर. पीक त्यात नाही. उभ्या पिकाचा उल्लेख पोटकलम (१) मध्ये आहे, पण तिथे मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी परवाना लागतो. परवाना मिळाला तरी लाइनवर आकडा टाकायची मुभा मिळत नाही. ती वीजचोरी, वीज कायदा २००३, कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा वेगळा.

"रानडुक्कर उपद्रवी जाहीर झालंय", म्हणजे परवान्याशिवाय मारता येतं, यात अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागेल. बिहार आणि उत्तराखंडात केंद्राने तसं जाहीर केलं होतं, पण ठरावीक जिल्ह्यांपुरतं आणि ठरावीक मुदतीसाठी. त्याचा तुमच्या धुऱ्याशी संबंध नाही.

"भरपाई मिळत नाही" हेही बरंचसं खरं. पंचनाम्याला उशीर होतो, रक्कम तुटपुंजी असते, आणि रात्र रात्र जागल करून सकाळी लोळवलेली तूर बघणाऱ्याचा राग मला कळतो. पण तारेला डुक्कर कोण आणि वाघ कोण, कळत नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात अशाच शेतातल्या तारेने मेला. वाघ मेला तर किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत.

मामांना कळवलंय: तार आणू नका. सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, आपलं गाव त्यात बसतं का ते वनपालाला विचारा. परवान्याचा अर्जही तिथेच द्या आणि पोच घ्या. हा मेसेज ज्यांना पुढे पाठवलात, त्या प्रत्येकाला आजच फोन करा.