हॉर्न नको, ब्रेक दाबा!

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत चाललंय म्हणून शिव्या घालण्यात आपण सगळे पटाईत. पण तोच रस्ता भर उन्हात बांधणाऱ्या माणसाजवळून जाताना गाडीवाल्यांच्या पायाला ब्रेक म्हणून सापडत नाही! पुढे 'काम चालू, सावकाश जा' असा एवढा मोठा फलक, नारिंगी शंकूंची रांग, काठीला लाल फडकं बांधून हलवणारा पोरगा. आणि आमचे साहेब काय करतात? डिपर मारतात, हॉर्न वाजवतात. कोणाला? डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईला! तिनं काय आता हवेत उडायचं?

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दोन सेकंद मोबाईलकडे नजर गेली की गाडी ४४ मीटर आंधळी धावली, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नाही. पावसात तर बोलायलाच नको. त्या माणसाच्या अंगावर चमकणारं जाकीट असतं, चिलखत नव्हे. (तेही ठेकेदारानं धड दिलं असेल तर. तो वेगळाच विषय.)

सगळ्यात डोक्यात जातात ते डायव्हर्जनला रांग सोडून उजवीकडून घुसणारे. शंकू उडवायचा, समोरून येणाऱ्या एसटीपुढे नाक खुपसायचं, दोन्ही बाजू ठप्प करायच्या आणि वर काच खाली करून झेंडेवाल्यालाच सुनवायचं, "ए, लवकर सोड ना!" एवढी घाई असलेले हेच महाशय पुढे वडापावच्या गाडीवर अर्धा तास टेकलेले दिसतात.